चोपन्न मुलं, एक फळा आणि एक गुंठा

पत्र : मी बीड जिल्ह्यातल्या एका गावात माध्यमिक शाळेत गणित शिकवते. नोकरीचं तिसरं वर्ष आहे. यंदा नववी 'ब' माझ्याकडे आहे, पट ५४. चार-पाच मुलं अशी की फळ्यावर गणित लिहून होईपर्यंत त्यांचं उत्तर तयार असतं. दहा-बारा जणांना अजून भागाकार नीट येत नाही. सात-आठ मुलं दिवाळीनंतर आईवडिलांबरोबर ऊसतोडीला जातात, ती मार्च-एप्रिलमध्येच पुन्हा दिसतात. एका मुलीला श्रवणयंत्र आहे. एक मुलगी जीव तोडून अभ्यास करते, पण सत्तेचाळीस सांगितले की ७४ लिहिते आणि पाढे तिच्या लक्षात राहत नाहीत. एक मुलगा आठवडी बाजारात भाजी विकतो, तोंडी हिशेबात मला हरवतो, पण पेपरात ४० पैकी ६. मुख्याध्यापक म्हणतात की हुशार, मध्यम आणि कच्चे अशा तीन रांगा करा, कच्च्यांना पास होण्यापुरतं शिकवा. ३५ मिनिटांच्या तासात मी तीन धडे कसे शिकवू? आणि पोर्शन? खरं सांगते, रविवारी संध्याकाळपासूनच पोटात गोळा येतो.

मॅडम, नमस्कार.

रांगांपासूनच सुरू करतो, कारण तो उद्योग मी स्वतः करून बसलोय. नोकरीच्या पाचव्या-सहाव्या वर्षी मीही वर्गाच्या तीन रांगा पाडल्या होत्या. नावं मोठी गोंडस ठेवली होती, नद्यांची. पण कोणती नदी कशासाठी हे मुलांना पहिल्याच दिवशी कळलं. दोन-तीन महिन्यांनी मी एक साधा प्रश्न विचारला. तिसऱ्या रांगेतल्या एका मुलीचे ओठ हलताना दिसले, उत्तर बरोबर होतं, पण तिचा हात खालीच. तास संपल्यावर तिला विचारलं, हात का वर केला नाहीस? ती म्हणाली, "सर, ते आमच्या रांगेला विचारलं होतं का?"

दुसऱ्या दिवशी रांगा मोडल्या. त्या मुलीचा हात पुन्हा वर यायला मात्र वर्ष संपलं.

म्हणून माझं पहिलं सांगणं, तीन धडे तयार करू नका. एक माणूस ३५ मिनिटांत तीन धडे शिकवू शकत नाही, आणि शिकवलेच तर तीन अर्धवट धडे होतात. त्याऐवजी एकच प्रश्न असा निवडा की ज्याचा उंबरठा बुटका आहे आणि माडी उंच. कच्चं मूल आत येऊ शकेल, पक्क्या मुलाचं डोकं छताला लागणार नाही. असे प्रश्न रोज सापडत नाहीत. महिन्यातून दोन सापडले तरी पुरे, बाकीचे तास आपले नेहमीसारखे चालू देत. असा एक प्रश्न तुम्हाला पूर्ण सांगतो, कारण तो मी कितीतरी वर्षं वापरला आणि दर वर्षी त्यातून काहीतरी नवीन निघालं.

गुंठा. तुमच्या वर्गातल्या प्रत्येकानं हा शब्द घरात, वेशीवर, भांडणात ऐकलेला असणार. पण गुंठा म्हणजे नेमका केवढा, हे पाहिलेलं मूल विरळा. वर्गाला मैदानावर न्या. ३३ फूट दोरी, चार खुंट्या, थोडा चुना. तेहेतीस फूट लांब आणि तेहेतीस फूट रुंद असा चौरस आखायला सांगा. पहिला घोळ लगेच होईल, चारही बाजू ३३ येतील पण आकार कलंडलेला असेल. तुम्ही बोलू नका. कुणाचे वडील गवंडी असतील तर तेच मूल पुढे येईल आणि ३, ४, ५ ची मापं धरून काटकोन काढून दाखवेल. माझ्या वर्गात हे काम एकदा शेवटच्या बाकावरच्या एका मुलानं केलं, आणि पायथागोरसचं प्रमेय पाठ असलेली पहिल्या बाकावरची मंडळी बघत राहिली. प्रमेय त्यांना येत होतं, ते इथे कामाला येतं हे माहीत नव्हतं.

चौरस झाला की एका कोपऱ्यापासून दोन्ही बाजूंवर ३० फुटांवर खूण करा आणि तिथून आडवी-उभी रेघ मारा. आता गुंठ्याचे चार तुकडे झाले. ३० बाय ३० चा मोठा, ३ बाय ३ चा चिमुकला, आणि ३० बाय ३ च्या दोन पट्ट्या. मुलांना त्या पट्ट्यांवर उभं करा. आपली निम्मी मुलं दोन पदांच्या बेरजेचा वर्ग करताना मधलं पद खातात, ३३ चा वर्ग ९०० अधिक ९ म्हणजे ९०९ असा करतात. त्यांना सांगा, ९०९ म्हणणाऱ्यांनी पट्ट्यांवर उभ्या असलेल्या मुलांना गुंठ्याबाहेर काढलंय. ९००, ९०, ९० आणि ९, झाले १०८९. फळ्यावर मी हे सूत्र शंभरदा लिहिलं होतं. पट्टीवर एकदा उभं राहिलेलं मूल मधलं पद सहसा विसरत नाही.

हे एका तासाचं. पुढचे दोन तास वर्गात. प्रश्न असा, गुंठा तेवढाच ठेवायचा, १०८९ चौरस फूट, पण आकार आयत चालेल, बाजू पूर्ण फुटांत हव्यात. असे किती आयत होतील आणि कोणाला कुंपण सर्वांत कमी लागेल?

ज्यांना भागाकार येत नाही ती मुलं इथे भागाकार करायला लागतात, कारण १०८९ ला २ नं भाग जातो का, ३ नं जातो का, ७ नं जातो का हे पाहिल्याशिवाय पुढे जाताच येत नाही. तुम्ही सरावाला दिलेले चौदा भागाकार जो मुलगा करणार नाही, तो इथे आपणहून चौदा करतो. मधली मुलं परिमिती काढतात. ३३ बाय ३३ ला कुंपण १३२ फूट. ११ बाय ९९ ला २२०. ९ बाय १२१ ला २६०. ३ बाय ३६३ ला ७३२, आणि तिथे कुणीतरी म्हणतंच, "सर, ही काय जमीन, ही पायवाट!" उरला तो १ बाय १०८९, त्याला २१८० फूट. तीच जमीन, कुंपण सोळापटीहून जास्त. वाटणीत भावांनी लांबट तुकडे का करू नयेत यावर दहा मिनिटं चर्चा होते, होऊ द्या.

आता तुमची ती चार-पाच चपळ मुलं. त्यांना विचारा, चौरसालाच कमी कुंपण लागतं हे फक्त १०८९ पुरतं खरं आहे की नेहमी? सिद्ध करा. बाजू अ आणि ब मानल्या तर बेरजेच्या वर्गातून वजाबाकीचा वर्ग वजा केला की चारपट गुणाकार उरतो, आणि इथे तो ४३५६ वर बांधलेला आहे. म्हणजे बेरजेचा वर्ग ४३५६ पेक्षा कमी होऊच शकत नाही, आणि नेमका तेवढा होतो तो दोन बाजू सारख्या असतानाच. एका वर्षी एका मुलीनं ४३५६ पाहून विचारलं, "सर, एकराच्या ४३,५६० मधला शून्य कुठे गेला?" मी क्षणभर गोंधळलो. मग तिनंच सांगितलं, एकर म्हणजे ४० गुंठे आणि आपण ४ नं गुणलंय. त्याहून चपळ असेल त्याच्यासाठी आणखी एक आहे. १०८९ चे भाजक नऊ, विषम. कोणत्या संख्यांच्या भाजकांची संख्या विषम असते? या एका प्रश्नावर दोन दिवस शांततेत जातात.

बघा, एकच प्रश्न, सगळा वर्ग त्याच प्रश्नावर, आणि कुणाच्याही कपाळावर नदीचं नाव नाही.

चपळ मुलांबद्दल एक सावधगिरी. त्यांचं लवकर संपलं की आपण दोनच गोष्टी करतो, आणखी दहा गणितं देतो किंवा शेजाऱ्याला शिकव म्हणून सांगतो. पहिली शिक्षा आहे. दुसरी कधीमधी ठीक, पण रोज केली तर त्याचं स्वतःचं शिकणं थांबतं आणि शेजारचा मिंधा होतो.

आता भागाकार न येणारे दहा-बारा. आधी हे ऐका की हे तुमच्या एकट्याच्या वर्गाचं दुखणं नाही. 'असर' या ग्रामीण शिक्षणाच्या अहवालाच्या २०२३च्या पाहणीत १४ ते १८ वयाच्या मुलांना तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येनं भागायला दिलं होतं, आणि ते निम्म्याहून कमी मुलांना जमलं. पण 'भागाकार येत नाही' हे निदान नव्हे. डॉक्टरनं 'बरं नाही' असं लिहून देण्यासारखं आहे ते. त्या बारा वह्या घरी आणा आणि फक्त चुका पाहा. मी ६१२ भागिले ६ हे उदाहरण द्यायचो. बऱ्याच वह्यांत उत्तर १२ असतं. सहा एके सहा, एकाला सहानं भाग जात नाही म्हणून तो सोडला, बारा घेतले, सहा दुणे बारा, संपलं. या मुलाला भागाकार येतो. त्याला दशकाच्या घरातला रिकामा शून्य दिसत नाही, एवढंच. दुसऱ्या एखाद्याला पाढाच येत नसेल, तिसऱ्याला वजाबाकीतला हातचा. तीन मुलं, तीन आजार, आणि आपण तिघांना एकच चौथीचं पुस्तक देतो.

आणि त्या शून्यासाठी चौथीत परत जायची गरजही नाही. नववीच्या बीजगणितात बहुपदीचं सहगुणक रूप आहे. क्ष वर्ग अधिक २ ही बहुपदी सहगुणक रूपात लिहिताना मधला क्ष नाही म्हणून तिथे शून्य लिहायचा असतो, १, ०, २. आता हे फळ्यावर लिहा आणि त्याच्याच शेजारी ६१२ भागिले ६ चं खरं उत्तर लिहा, १०२. काही बोलू नका, थांबा. तुमचा पोर्शन चालू असतानाच चौथीचं भोक बुजतं, आणि त्या मुलाला सगळ्यांसमोर चौथीत बसवावं लागत नाही. नववीच्या पुस्तकात अशा जागा भरपूर आहेत, शोधायची सवय लागली पाहिजे.

सत्तेचाळीसच्या जागी ७४ लिहिणाऱ्या मुलीबद्दल मात्र घाईनं काही ठरवू नका. आपली भाषाच इथे खोडकर आहे. सत्तेचाळीस म्हणताना आपण सात आधी बोलतो, चाळीस नंतर, आणि लिहिताना उलटं. एकोणसाठमध्ये तर साठ ऐकू येतात आणि लिहायचे असतात ५९. गणितज्ज्ञ मंगला नारळीकरांच्या अध्यक्षतेखालच्या समितीनं २०१९ साली दुसरीच्या पुस्तकात 'चाळीस सात', 'सत्तर एक' अशी पद्धत सुचवली तेव्हा केवढा गदारोळ झाला होता, आठवत असेल. थट्टाही फार झाली. थट्टा करणाऱ्यांपैकी कितीजणांनी दुसरीच्या वर्गात अंक घालून पाहिले होते, कोण जाणे. मला तर त्या सूचनेत एका बाईंनी मुलांचं ऐकलेलं दिसलं.

तर तुम्ही घरच्या घरी एवढं करून पाहा. तिला एकटीला बसवून 'चाळीस आणि सात' असं सांगा. नीट लिहिते का? मग ४७ आणि ७४ समोर ठेवून मोठी कोणती विचारा. सात काड्या आणि नऊ काड्या दाखवून न मोजता कुठे जास्त, ते विचारा. घड्याळ, सुट्टे पैसे, मागच्या आठवड्यात पाठ झालेला पाढा, हेही पाहा. 'चाळीस आणि सात' म्हटल्यावर सुधारत असेल तर दोष बराचसा भाषेचा. पण लहानमोठेपणाचाच अंदाज येत नसेल, मेहनत करूनही वर्षानुवर्षं तेच होत असेल, तर ही गणितातली अध्ययन अक्षमता असू शकते. असू शकते, एवढंच म्हणायचं. शिक्का मारायचं काम आपलं नाही. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमता ही २१ प्रकारांपैकी एक म्हणून धरलेली आहे. तेव्हा पालकांना विश्वासात घ्या, गट साधन केंद्रातल्या विशेष शिक्षकांना भेटा, तपासणी आणि प्रमाणपत्र सरकारी रुग्णालयाच्या वाटेनं जाऊ द्या. प्रमाणपत्र मिळालं तर बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळेसारख्या सवलती मिळतात आणि त्यांचा प्रस्ताव शाळेमार्फतच जातो. म्हणून हे काम नववीतच सुरू करा. दहावीच्या डिसेंबरात धावाधाव करणारे पालक मी पाहिलेत.

प्रमाणपत्र येवो न येवो, चार गोष्टी उद्यापासून करता येतात. चौकटीची वही द्या, एका चौकटीत एक अंक, म्हणजे एकक-दशक घरं सोडून पळत नाहीत. पाढ्यांचा तक्ता वहीला चिकटवू द्या. पाढे पाठ नाहीत म्हणून तिला रेषीय समीकरणापासून अडवून ठेवण्यात अर्थ नाही, चष्मा लावणाऱ्याला आपण डोळे ताणून वाच म्हणत नाही. पानावर दहाऐवजी चार गणितं द्या. आणि भर वर्गात तिला तोंडी पाढा विचारू नका, कधीच.

भाषेचा विषय निघालाच आहे तर आणखी थोडं. तुमच्या मुलांना जे गणित वाटतं त्यातलं बरंचसं मराठी असतं. बहुपदीची 'कोटी' म्हटलं की निम्म्या वर्गाच्या डोळ्यांसमोर एकावर सात शून्यं उभी राहतात. सम संख्या, समांतर रेषा, समभुज, समद्विभुज, समरूप, यातला प्रत्येक 'सम' वेगळं काम करतो, आणि एकरूप व समरूप यांत तर हुशार मुलंही घसरतात. पाया त्रिकोणालाही असतो आणि घातांकालाही. मूळ संख्या वेगळी, वर्गमूळ वेगळं, समीकरणाचं मूळ आणखी वेगळं. 'चल' म्हटलं की मागच्या बाकावरून कुणीतरी "कुठं?" विचारतंच. हसा त्यावर, आणि मग शब्द फोडून सांगा, जिची किंमत चालत राहते, म्हणजे बदलते, ती चल राशी. धडा सुरू करताना फळ्याच्या कोपऱ्यात त्या दिवसाचे तीन शब्द लिहून ठेवायची सवय मला लागली होती. पाच मिनिटं जातात, पण ती वाया जात नाहीत.

भाजी विकणाऱ्या मुलाला पाहून मला आनंदच झाला. छत्तीस रुपये किलोनं अडीच किलो वांगी द्या म्हटलं तर तो म्हणेल, दोन किलोचे ७२, अर्ध्याचे १८, झाले ९०. हा वितरणाचा नियम आहे, तो रोज वापरतोय, फक्त त्याला नाव माहीत नाही. आपल्या आज्यांच्या वेळी पावकी, निमकी, दिडकी, अडीचकी पाठ असायची, हा त्याच घराण्यातला. १९८५ साली ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात बाजारात काम करणाऱ्या मुलांवर झालेला एक अभ्यास प्रसिद्ध आहे. ३५ च्या भावानं दहा नारळांचे किती, असं विचारल्यावर एका मुलानं शून्य लावला नाही. तिनाचे १०५, आणखी तीन घेतले की २१०, असं करत तो ३५० वर पोचला. बाजारात ही मुलं जवळजवळ चुकत नव्हती. तेच हिशेब कागदावर नुसत्या आकड्यांत दिले तेव्हा बहुतेक चुकले.

त्याच्या बाबतीत तुम्ही कारकून व्हा. तो बोलेल तसं तुम्ही फळ्यावर लिहा, ३६ गुणिले कंसात दोन अधिक अर्धा. मग म्हणा, तू जे बोललास ते गणितात असं लिहितात. आठ दिवस तुम्ही लिहा, नंतर खडू त्याच्या हातात द्या. त्याला येत नाही ते गणित नव्हे, लिहिणं. ४० पैकी ६ हे त्याच्या लिहिण्याचे गुण आहेत.

श्रवणयंत्रवाली मुलगी. फळ्याकडे तोंड करून बोलायची आपल्या सगळ्यांना खोड असते, ती मोडा. लिहा, थांबा, वळा, मग बोला. सात आणि साठ ओठांवर जवळपास सारखेच दिसतात, तेव्हा आकडा बोललात की बोटानं फळ्यावरचा दाखवा. दुसऱ्या मुलानं दिलेलं उत्तर तिला ऐकू गेलेलं नसतं, ते तुम्ही पुन्हा म्हणा. यानं मागच्या बाकांचंही भलं होतं. मीही पुढेपुढे असाच शिकवायला लागलो, वर्गात तसं मूल नसतानाही.

आता ऊसतोडीला जाणारी मुलं. इथे उत्तर पुस्तकाच्या क्रमात दडलंय. २०१७ साली आलेल्या नववीच्या बीजगणितात सात प्रकरणं आहेत. वास्तव संख्या, बहुपदी, गुणोत्तर-प्रमाण आणि दोन चलांतील रेषीय समीकरणे ही शिडीची प्रकरणं, एक पायरी चुकली की पुढची चढता येत नाही आणि दहावी याच शिडीवर उभी आहे. संच, अर्थनियोजन, सांख्यिकी ही तुलनेनं सुटी. मुख्याध्यापकांशी बोला आणि शिडी दिवाळीआधी चढा, सगळे हजर असताना. संचाची लागतील तेवढी चिन्हं सुरुवातीला सांगा, बाकीचं प्रकरण हिवाळ्यात करा. सांख्यिकी मुलं परत येईपर्यंत राखून ठेवा. आणि जाताना प्रत्येकाला एक लहान वही द्या. कोपीजवळच्या, म्हणजे तोडीवरच्या झोपडीजवळच्या, रस्त्यावरून रोज ठरलेल्या अर्ध्या तासात किती ट्रॅक्टर गेले, किती ट्रक, किती बैलगाड्या, एवढंच लिहायचं. वीस दिवस लिहिलं तरी खूप. एप्रिलमध्ये वारंवारता सारणी करायला पुस्तकातली आयती माहिती घेऊ नका, त्यांच्या वह्या उघडा. पाच महिने गैरहजर असलेलं मूल त्या दिवशी वर्गातल्या सगळ्या माहितीचं मालक असतं.

इथे माझी एक चूक सांगतो, तुम्ही करू नये म्हणून. ऋण संख्या शिकवताना मला वाटलं, 'उचल', म्हणजे तोडीच्या आधी घेतलेली आगाऊ रक्कम, यापेक्षा चांगलं उदाहरण कोणतं? आधी पैसे घेतले, म्हणजे वजा, मग टनाटनानं फेड, म्हणजे शून्याकडे प्रवास. उदाहरण खरोखर सुंदर होतं. भरात येऊन मी एका मुलाला विचारलं, "तुझ्या वडिलांनी यंदा किती उचल घेतली?" तो उठून उभा राहिला आणि खाली बघत राहिला. दुसऱ्या दिवशी आला नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. मी घरी गेलो तेव्हा त्याच्या आईनं चहा ठेवला आणि त्या विषयावर एक शब्द काढला नाही. तेव्हापासून मी मुलांच्या जगातली वस्तू वर्गात आणतो, त्यांच्या घरातली उणीव आणत नाही. म्हणूनच गुंठाही शाळेच्या मैदानावर आखायचा. तुझं रान किती, हे कुणाला विचारायचं नाही. काहींच्या घरी तो एकही नसतो.

भूमितीचं तुम्ही विचारलं नाहीत, पण नववीत खरी पडझड तिथेच होते. चौरस कोपऱ्यावर उभा करून दाखवा आणि हा काय आहे विचारा. "शंकरपाळा" असं उत्तर आलं तर त्या मुलाला 'सिद्ध करा' म्हणण्यात अजून अर्थ नाही. व्हॅन हीले नावाच्या डच शिक्षक नवरा-बायकोनं १९५७ साली हेच मांडलं. मूल आधी आकार नुसता ओळखतं, मग त्याचे गुणधर्म पाहतं, मग गुणधर्मांमधली नाती, आणि त्यानंतर सिद्धता. शिक्षक वरच्या पायरीवरून बोलत असेल तर खालच्या पायरीवरच्या मुलाला ती परकी भाषा वाटते. कागद घड्या घालून, कापून, कर्ण मोजून पहिले दोन आठवडे घालवा. 'प्रत्येक चौरस आयत असतो का?' यावर वर्गात भांडण लागलं की समजा, मुलं पायरी चढताहेत.

पोर्शनचं काय? सरावसंचातली सगळी गणितं फळ्यावर सोडवलीच पाहिजेत असा नियम कुठेही नाही, तो आपणच आपल्याला घालून घेतलाय. आठातली तीन निवडा आणि नीट करा. गृहपाठाला पाच द्या आणि कोणतीही तीन करा म्हणा. मुलं सोपी तीनच निवडतील ही भीती मलाही होती. पहिले पंधरा दिवस निवडतातही, मग शेजाऱ्यानं पाचवं केलं हे दिसतं.

मुख्याध्यापकांशी वाद घालू नका. त्यांच्यावर दहावीच्या निकालाचं ओझं असतं, रांगा पाडा हे त्यांनी त्यातूनच सुचवलं. सहामाहीपर्यंत माझ्या पद्धतीनं करू द्या, मग त्या बारा मुलांच्या वह्या तुम्हीच पाहा, एवढं मागा. जूनमधल्या चुका आणि ऑक्टोबरमधल्या चुका शेजारीशेजारी ठेवल्या की गुण न वाढताही फरक दिसतो. ६१२ भागिले ६ चं उत्तर १२ लिहिणारा १०२ लिहायला लागला, तर ते एकाही निकालपत्रकात येत नाही, पण वहीत येतं.

आणि रविवारच्या गोळ्याबद्दल. ५४ मुलांचा विचार एकदम करू नका. दर आठवड्याला तीन नावं कागदावर लिहून खिशात ठेवा आणि त्या आठवड्यात फक्त त्या तिघांच्या वह्या बारकाईनं पाहा. अठरा आठवड्यांत सगळा वर्ग होतो. जे सात-आठ जण जाणार आहेत त्यांची नावं आधी घ्या.

गुंठा जुलैतच आखणार असाल तर सुतळी नको, नायलॉनची दोरी घ्या. सुतळी भिजली की आखडते, आणि मग मुलं ३३ फुटांचा हिशेब घालतात तो १०८९ ला कधीच पोचत नाही.